मल्लम्मा मावशीचा देवडीतला मुक्काम

हुमनाबादच्या बसस्टँडकडून हायवेला लागताना डाव्या हाताला पंक्चरचं दुकान, त्याला चिकटून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, आणि माझ्या दुकानाला चिकटून मल्लम्मा मावशीची खानावळ. पाटी आहे, पण धुरानं अशी काळवंडली आहे की वाचता येत नाही. वाचायची गरजही पडत नाही. भाकरी थापल्याचा आवाज पार रस्त्यापलीकडच्या लॉऱ्यांपर्यंत जातो आणि ड्रायव्हर आपोआप खाली उतरतो.

मावशी मूळची आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याची. लग्न होऊन हुमनाबादेत आली. नवरा रेवणसिद्धप्पा डाळमिलमध्ये मशीनवर होता. मुलगा मंजुनाथ प्राथमिक शाळेत असताना एका सकाळी छातीत कळ येऊन रेवणसिद्धप्पा गेला. दिवस झाल्यावर माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा बाई अंगणात तवा मांडून बसलेली होती. ‘आलात तर जेवून जावा,’ म्हणाली. ते जेवले आणि गेले. खानावळ त्या दिवशी सुरू झाली असं मी धरतो. मावशीला विचारलं तर ती म्हणते, तिनं काही सुरूबिरू केलं नाही, माणसं येत राहिली.

गिऱ्हाइकाला ती गिऱ्हाईक म्हणत नाही. पाव्हणा म्हणते. जेवून पैसे देणारा, पैसे देताना सुट्ट्यासाठी भांडणारा, तोसुद्धा पाव्हणाच. आणि शरणांच्या, म्हणजे लिंगायतांच्या, घरातली रीत अशी की पाव्हणा ताटावर असेपर्यंत घरच्यानं घास घ्यायचा नाही. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, पेलाभर चहा घ्यायचा, आणि मग थेट शेवटचं ताट उठल्यावर जेवायचं. शेवटचं ताट कधी उठेल हे लॉऱ्यांच्या मर्जीवर.

मंजुनाथ आणि मी एका वर्गात होतो. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही दोघं पेढे घेऊन धावत आलो. मी मिठाईच्या दुकानातच चार खाल्ले होते. मावशीनं लेकाच्या गालावरून हात फिरवला, पेढा पदराच्या गाठीत बांधला आणि पुन्हा थापायला बसली, कारण उमरग्याचे दोन ड्रायव्हर भाकरी मागत होते. दुपार कलली तेव्हा ती गाठ सुटली. पेढ्याचा तोवर भुगा झाला होता. मायलेकांनी तो चिमटीनं खाल्ला. मंजुनाथही तोवर उपाशीच होता, तोही घरचाच. शाळेतून आला की दप्तर टाकून चुलीपाशी बसायचा आणि तव्यावरची फुगलेली भाकरी नुसत्या हातानं उचलायचा. मी एकदा उचलून बघितली होती. त्यानंतर आठ दिवस मला शाळेत लिहायची सुट्टी मिळाली.

पुढं मंजुनाथ स्वयंपाकाचा कोर्स करायला हैदराबादला गेला. मावशी खूश होती. रांधणं हेच आपल्या घरचं कायक, म्हणजे पूजेसारखं काम, पोरगा कोट घालून करतोय एवढंच, असं ती येईल त्याला सांगायची. कोर्स झाला, तिथंच एका हॉटेलात लागला. मग एक दिवस व्यंकट आला. व्यंकटचा भांड्यांचा धंदा. हैदराबादच्या हॉटेलांना पातेली पुरवतो. भरल्या खानावळीत बसून त्यानं सांगितलं की मंजुनाथच्या हातचं मटण म्हणजे काय विचारता, माणूस बोटं चाटत बसतो. त्यानं कौतुकानं सांगितलं, हीच तर गंमत. लिंगायताच्या खानावळीत काय बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा सगळ्यांचे हात ताटात थांबले होते. मावशीचा एकटीचा हात चालू होता. ती थापत होती. फक्त तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि तिची कड करपली.

ती लेकाला एका शब्दानं बोलली नाही. पुढच्या खेपेला तो आला, दप्तराच्या जागी बॅग टाकली आणि सवयीनं चुलीकडं वळला. मावशी म्हणाली,

“तू बस. तुला वाढते.”

आणि तिनं त्याला बाकावर बसवलं, पहिल्या पंगतीला, माझ्या शेजारी. भाकरीवर तूप घातलं, शेंगाचटणी दोनदा वाढली, पाठीवर हात फिरवला. इतक्या मायेनं वाढलं की मी बाजूला बसून जळत होतो. मंजुनाथ मात्र भाकरीचे तुकडे ताटात नुसते सरकवत होता. बाकीच्यांना वाटलं, आई लाड करायलीय. तो समजला होता. त्या दिवसापासून तो त्या घरात पाव्हणा झाला. चुलीला त्याचा हात लागू द्यायची नाही, आणि त्याच्या हातचं तोंडाला लावायची नाही. तो हैदराबादहून स्वतः केलेलं काहीबाही डब्यातून आणायचा. शुद्ध शाकाहारी, तुपातलं. मावशी ‘ठेव तिथं’ म्हणायची आणि तो गेल्यावर डबा माझ्याकडं यायचा. त्या वर्षांत माझं वजन वाढलं, पण खाताना बरं वाटायचं असं नाही.

गेल्या वर्षी मंजुनाथचा मला फोन आला. हॉटेलात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या आईवडलांना मालक मुक्कामाला बोलावतात, राहणं-जेवण हॉटेलचं. त्याचा नंबर लागला होता. आईला तू आण, म्हणाला. मी विचारलं, हॉटेल कसलं? तर म्हणे बुटीक हॉटेल. हुमनाबादेत बुटीक म्हणजे ब्लाउज शिवायचं दुकान. मावशीला हे सांगताना मी तो शब्द गाळला. आधीच गुंता कमी नव्हता.

ती सरळ नाही म्हणाली. फुकट कामून ऱ्हायचं, म्हणाली. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भाकरीची कड बोटांनी चाचपून बघावी लागत होती, आणि एकदा तवा समजून तिनं परातीवर भाकरी टाकली होती. डोळे दाखवायला हैदराबादला जायचंच होतं. मी म्हटलं, डोळ्यांच्या निमित्तानं चल, उतरायचं तिथं उतरू. मग तिनं कडक भाकरीची चवड फडक्यात बांधली आणि शेंगाचटणीचा एक डबा वेगळा भरला. चटणी हॉटेलच्या मालकाला. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत.

हॉटेल म्हणजे चारमिनारच्या अलीकडं एका नवाबाची जुनी देवडी, तिकडं वाड्याला देवडी म्हणतात. रस्त्यावर ही गर्दी. अत्तरवाले, बांगड्यावाले, रिक्षांचे हॉर्न, एकमेकांच्या अंगावरून जाणारी माणसं. एका कमानीतून आत गेलं की सगळं बंद. मध्ये चौक, चौकात कारंजं, भोवती खांबांचा सज्जा. दारात एका माणसानं आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. मावशीनं हात जोडले आणि तो नवाब आहे का असं मला हळूच विचारलं.

मंजुनाथ आला. पांढरा कोट, डोक्यावर उंच टोपी. आईच्या पाया पडला. दोघं कानडीत बोलली: बस कशी मिळाली, गर्दी होती का. परक्या माणसाशी बोलतो तसं. मग त्यानं विचारलं की जेवायला काय करू. मावशी म्हणाली, आज राहू दे, शिदोरी आहे, उगंच नासून जाईल.

कडक भाकरी महिनाभर नासत नाही. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तिला तर होतंच.

खोलीत पलंग एवढा उंच की चढायला लाकडी पायरी ठेवलेली. मावशीनं पलंगावर आमच्या पिशव्या झोपवल्या आणि स्वतः खाली शाल अंथरली. भिंतीवर नवाबाचा फोटो होता, त्याच्याकडं पाठ करून बसायला तिला बरं वाटेना, म्हणून ती कोपऱ्यात तिरकी बसून भाकरी मोडत होती. माझी सोय सज्जाच्या टोकाला, कामगारांच्या खोलीत होती. तिथं मंजुनाथनं मला एक नवंकोरं पातेलं दाखवलं. वेगळी शेगडी, वेगळी पळी. मटणाच्या भटारखान्यापासून लांब, मागच्या पडवीत. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो आईसाठी तिथंच करणार होता. मी म्हटलं, मग हे तिला सांग की. नाहीतर मी सांगतो.

“तू काय बी सांगू नकोस,” तो म्हणाला. “सांगितल्यावर जेवली तर ती भांड्याला बघून जेवली. मला बघून न्हाई.”

हे ऐकून मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे हुमनाबादेत कुणालाही विचारा.

सकाळी खोली आवरायला श्रीदेवी नावाची बाई आली. जहिराबादकडची, थोडं कानडी बोलणारी. आवरायला काही उरलंच नव्हतं. चादरी घड्या घालून ठेवलेल्या, नहाणी धुतलेली, पायपुसणंसुद्धा झटकलेलं. श्रीदेवी हसली आणि दारातच टेकली. ही मंजुनाथची आई म्हटल्यावर तिनं त्याची तक्रार मांडली. म्हणाली, तुमचा पोरगा सगळ्यात शेवटी जेवतो. शेवटचं टेबल उठेपर्यंत घास घेत नाही, आणि तो उपाशी असला की आम्हालाही आधी जेवायची लाज वाटते. रविवारी तर दुपार कलते. तुम्ही तरी सांगा त्याला. मावशीनं ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं, मुलंबाळं विचारली. मी फोनमध्ये डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता शोधत होतो. माझ्या एका कानातून ते आत गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर.

डॉक्टरांनी डोळे बघितले. एकेक करून ऑपरेशन करू, भिण्यासारखं काही नाही, म्हणाले. परत येईतो दुपार झाली. त्या दिवशी नेमका रविवार, दवाखाना उघडा मिळाला हेच नशीब. नवाबाचा जुना दिवाणखाना म्हणजे आता हॉटेलचं जेवणघर, आणि ते गच्च भरलेलं. झुंबरं, आरसे, आरशांत आणखी माणसं. मावशी दारात थांबली. मला वाटलं, फिरणार माघारी. पण तिनं पदर खोचला, काढला, नीट डोक्यावर घेतला आणि आत आली. कोपऱ्यातल्या टेबलावर आम्हाला बसवलं. थोड्या वेळानं मंजुनाथ स्वतः ताट घेऊन आला. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आमच्याकडची भरली वांगी, मुगाची उसळ, दही. त्या नवाबी दिवाणखान्यात ते ताट आमच्याइतकंच अवघडलेलं दिसत होतं. त्यानं ते आईपुढं ठेवलं, क्षणभर थांबला आणि आत गेला.

मावशी हात मांडीवर ठेवून बसली.

मी उठून सगळीकडं मांडलेल्या पातेल्यांची पाहणी करून आलो. एका झाकणाखाली मटणाची बिर्याणी होती. मी मराठ्याचा, मला त्यात काही अडचण नाही. पण मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, नाकात नव्हता. डाळभात घेऊन परत आलो. ताट तसंच. मी जेवलो. ताट तसंच. भाकरीची वाफ गेली, वांग्यावरचं तेल थिजलं. शेजारच्या टेबलावरची मंडळी उठली, तिथं दुसरी बसली. वेटर दोनदा विचारून गेला की आवडलं नाही का, दुसरं काही आणू का. मावशी हात जोडायची आणि हसायची. भटारखान्याच्या दाराला गोल काच होती. त्या काचेत मला मंजुनाथची टोपी दिसायची, जायची, पुन्हा दिसायची.

एकदा तो बाहेर आला. आमच्या टेबलापर्यंत आलाच नाही. मध्येच थांबून त्यानं ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि वळून आत गेला. त्यानंतर काचेत टोपी दिसली नाही.

मला राग आला. इतक्या लांब येऊन, गावभर माया वाटणाऱ्या बाईनं पोटच्या पोराला असं भरल्या माणसांत नाकारावं? पातेल्याचं सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि दुसरंच विचारलं.

“कामून जेवंनास गं मावशी? त्याच्या हातचं एवढं का ते इख हाय?”

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे मी होतो त्या दिशेला बघितलं. मी असं काही बोलेन हे तिच्या स्वप्नात नव्हतं, असं तोंड झालं होतं तिचं.

“पाव्हणे जेवायलेत की रं,” ती म्हणाली. “घरच्यानं आधी कसं जेवावं?”

मी दिवाणखान्यात नजर फिरवली. विमानानं आलेले, झुंबराचे फोटो काढणारे, आइस्क्रीमसाठी रडणाऱ्या पोराला दटावणारे, सगळे पाव्हणे. आणि कोपऱ्यात घरची बाई, शेवटचं ताट उठायची वाट बघत. ही रीत मी लहानपणापासून बघत आलो, पदराच्या गाठीतला पेढा बघितला, सकाळी श्रीदेवीचं गाऱ्हाणं ऐकलं. तरी टाळक्यात उजेड पडायला मला तेवढा वेळ लागला.

मी भटारखान्याकडं गेलो. दारात मला अडवलं, मग कुणीतरी मंजुनाथकडं नेलं. तो मागच्या पडवीत त्या नव्या पातेल्यापाशी उकिडवा बसला होता. मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ते परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. तो उठला. नळाखाली तोंड धुतलं आणि आत जाऊन राहिलेल्या टेबलांचं गोड लावायला लागला.

शेवटचं टेबल एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. त्यांना कसलीच घाई नव्हती. मावशीलाही नव्हती. मला होती, पण मला कोण विचारतो. ते उठले तसं मावशीही उठली. पदर खोचला आणि शेजारच्या टेबलावरची उष्टी ताटं एकावर एक रचायला लागली. वेटर धावत आले, अम्मा नको, अम्मा बसा. तिनं ऐकलं नाही. शेवटी श्रीदेवी आली आणि दोघींनी मिळून ते टेबल पुसलं.

मंजुनाथ बाहेर आला. टोपी हातात होती. मावशी त्याच्या जवळ गेली आणि चाचपत त्याच्या कपाळावरून तळवा फिरवला. घामानं ओली झालेली विभूती तिच्या बोटांना लागली. तिनं बोटं एकमेकांवर चोळून बघितली. भाकरीची कड चाचपायची तशी. मग तिनं त्याला कानडीत विचारलं,

“ऊटा आतेनु?”

जेवलास का. आमच्या मुलखात रस्त्यात भेटलेल्या माणसालाही हेच विचारतात. त्यात विशेष काही नाही. पण पाव्हण्याला जेवलास का विचारत नाहीत, त्याला नुसतं वाढतात. बाकावर बसवल्या दिवसापासून हा प्रश्न तिनं लेकाला विचारलेला मी ऐकला नव्हता. मंजुनाथनं मान हलवली. नाही.

“मग वाढ की,” ती म्हणाली. “दोघांचं.”

नवाबाच्या दिवाणखान्यात कुणी बसलं नाही. मागच्या पडवीत फरशीवर बसले. मायलेक, श्रीदेवी, चार वेटर. थंड झालेलं ताट मावशीनं टाकू दिलं नाही, तेच पुढं घेतलं. पातेलं नवं आहे हे तिला दिसलं नसावं. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तिच्या फडक्यातल्या कडक भाकऱ्या सगळ्यांना एकेक आल्या. मालकासाठी आणलेला चटणीचा डबा तिथंच फुटला; मालकाला तो कधी कळला नाही. मंजुनाथ खाली मान घालून जेवत होता आणि मध्येच बाहीनं नाक पुसत होता. चटणी तिखट होती, असं आपण म्हणू. मी एका बाजूला उभा होतो. मला कुणी बस म्हटलं नाही, कारण मी आधीच जेवलो होतो.

यंदा एळवशीच्या आदल्या दिवशी मंजुनाथ घरी आला. एळवशीला आमच्याकडं सगळा गाव शेतावर जेवायला जातो, त्यामुळं आदल्या दिवशी बसस्टँडवर परगावच्या माणसांची ही झुंबड. मावशीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा व्हायचाय. खानावळ भरलेली. मंजुनाथनं बॅग ठेवली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या शेजारी बाकावर बसला. मावशीनं चुलीपासून मान वर केली. बऱ्या डोळ्यानं त्याला नीट बघितलं.

“ऊठ रं तिथनं,” ती म्हणाली. “पाव्हण्यास्नी बसू दे.”

तो उठला. त्याच्या जागी भालकीचा एक ड्रायव्हर बसला. आत हात धुतल्याचा आवाज आला. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. माझ्या ताटातली भाकरी संपत आली होती. मंजुनाथ तव्यावरची भाकरी तशीच हातात घेऊन आला आणि हवी का न विचारता माझ्या ताटात टाकून गेला.